डोळ्याखालची सूज

आमच्या वाड्यातल्या मोत्याच्या उजव्या डोळ्याखाली अधूनमधून गळू यायचं. फुटायचं, वाहायचं, बसायचं आणि पुन्हा यायचं. आजी त्यावर हळदीचा लेप लावायची. दुखणं डोळ्याचं नव्हतंच. कुत्र्याला 42 दात असतात; त्यांतल्या वरच्या सर्वांत मोठ्या दाढेची मुळं पार डोळ्याखाली गेलेली असतात. हाड फोडताना ती दाढ चिरली की मुळाशी पू धरतो आणि गालातून वाट काढतो. गावात गुरांचे डॉक्टर येत, पण म्हशी-बैलांसाठी. कुत्र्याचं तोंड उघडून कोण बघणार!

मोत्या एकाच बाजूने चावतो, हे मात्र आजीने हेरलं होतं. त्याच्यापुरती भाकरी ती कोमट दुधात कुस्करायची आणि त्याचं खाऊन होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची. घरात तेवढी सवड होती, आणि त्या सवडीची मला आजही ओढ वाटते. मोत्या गप्प पडून राहिला की ‘म्हातारा झाला’ म्हणत. तो कळ सोसत होता, हे आज कळतं आणि जीव तुटतो.

आमच्या आताच्या कुत्र्याची, चिकूची, तीच दाढ यंदा काढली. आधी एक्स-रे, मग पूर्ण भूल, शेवटी आपोआप विरघळणारे टाके. संध्याकाळी घरी आणला तेव्हा पाय लटपटत होते, अंग गार लागत होतं. भुलीनंतर जनावराला ऊब लागते, म्हणून आजीचीच जुनी गोधडी काढली. जिना बंद, पाणी थोडं थोडं. लाळेत जराशी गुलाबी झाक चालते. रक्त ठिबकतच राहिलं तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा. जखम भरून येईपर्यंत चिकन-भात अगदी मऊ शिजवून, मीठ-कांद्याशिवाय. दोरीची ओढाओढ नाही, कडक खेळणं नाही. पंजाने तोंड खाजवू नये म्हणून गळ्यात कॉलर. दुखणं थांबवायचं औषध डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलं तेवढंच, तेही खाण्याबरोबर. आपल्या डब्यातली गोळी कधीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या तर जिवावर बेतते.

लेक घरूनच काम करत त्याच्याजवळ बसायची. वाटी चाटूनपुसून झाली की मगच उठायची.

आता जखम भरली आहे आणि चिकू दोन्ही बाजूंनी चावतो. रात्री त्याचे दात घासतो, कुत्र्यांसाठीच्या वेगळ्या पेस्टने. नळीचं हाड मात्र आमच्या घरात यापुढे येणार नाही.