चेहऱ्यावरचा दाणा

सध्या जळगाव-धुळ्यात लग्नाचं काम घेतलं, की दोन मागण्या ठरलेल्या. प्री-वेडिंग पाटणादेवीला किंवा लळिंगच्या किल्ल्यावर, आणि फोटोंना 'फिल्म लुक'. मागणाऱ्या मुलांनी कॅमेऱ्यात रोल कधी भरलेला नसतो, पण नवरीच्या चेहऱ्यावर ते बारीक दाणे, म्हणजे आमच्या धंद्यातले ग्रेन, त्यांना हवेच असतात. मग अल्बम घरी जातो आणि आजोबा विचारतात, "भाऊ, हाई काय शे? फोटोवर रेती पडनी का?" प्रश्न रास्त आहे. बऱ्याच अल्बममध्ये खरोखर रेतीच पडलेली असते.

फिल्मवरचा दाणा वरून पडत नव्हता, चित्रच त्याचं बनलेलं होतं. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक विखुरलेले असत. उजेड लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होई. एकेक कण मायक्रॉनच्या हिशेबातला, तो कागदावर दिसायचा नाही. दिसतात ते थरात एकमेकांवर आलेल्या कणांचे पुंजके. तेही एन्लार्जरखाली उलटतात: निगेटिव्हवरचा काळा पुंजका कागदावर पांढरा उतरतो, आणि आपण ज्याला काळा दाणा समजतो ती दोन पुंजक्यांमधली फट असते. रंगीत फिल्ममध्ये तर चांदी काढूनच टाकलेली. मागे उरतात रंगाचे बारीक ढग.

खानदेशातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांचं या दाण्याशी हाडवैर. डी-76 सारख्या डेव्हलपरच्या वेळा 20 अंश तापमान धरून दिलेल्या असत. इकडे मे महिन्यात भुसावळचा पारा 45 कडे धावतो आणि नळालाच कोमट पाणी येतं. गरम रसायनात निगेटिव्ह भराभर काळी पडते, कॉन्ट्रास्ट चढतो, दाणा जाड होतो. तशीच ती एकदम थंड पाण्यात टाकली, तर जिलेटिनला सुरकुत्या पडून सगळ्या चित्रावर जाळी उमटते. म्हणून डार्करूममध्ये बर्फाची लादी लागायची. पोर्ट्रेटला 35 मिमीऐवजी 120 चा रोल वापरायचा तोही त्याचसाठी: 6×6 ची निगेटिव्ह क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी, म्हणजे प्रिंट करताना कमी फुगवावी लागते आणि दाणा दबतो. एवढं करून उरलंच, तर टोक काढलेली पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर रिटचिंग. गालावरचा दाणा, देवीचे व्रण, सुरकुती, सगळं त्या एका पेन्सिलीने बुजवलं जाई.

त्यांनी जे बुजवलं, ते आम्ही आता पैसे घेऊन परत घालतो. त्यात वाईट काही नाही, कारण डिजिटल पोर्ट्रेटचं दुखणं उलटं आहे. चेहरा आधीच गुळगुळीत, त्यावर आमच्यातले अनेकजण स्किन स्मूदिंगचा हात फिरवतात. उन्हात शेत बघून आलेला नवरदेव मेणाचा होतो. आठ बिटच्या फाइलमध्ये एका रंगाच्या 256 च पायऱ्या, त्यामुळे मागच्या साध्या पडद्यावर उजेड उतरताना पट्टे दिसू लागतात. हलका दाणा हे पट्टे मोडतो आणि त्वचेला पोत देतो. पण मेणावर दाणा टाकला तर तो मेणावरच बसतो. म्हणून माझा पहिला नियम: ग्रेन हवा असेल तर स्मूदिंग बंद. दोन्ही मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ नाही म्हणतो.

आयएसओ चढवून आलेला नॉइज म्हणजे ग्रेन, असंही कुणी समजू नये. नॉइज सावलीत जास्त खुपतो, त्यात लाल-हिरवे ठिपके असतात आणि तो पिक्सेलच्या चौकटी पकडून बसतो. फिल्मच्या प्रिंटमध्ये दाणा मधल्या टोनमध्ये उठून दिसतो. शुभ्र आणि गर्द काळ्या भागात तो विरतो. आणि नेमका इथेच तयार प्रीसेट आपल्याला दगा देतो. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सच्या झोन पद्धतीत गोऱ्या माणसाचा चेहरा सहाव्या झोनमध्ये धरतात. आपला गव्हाळ-सावळा चेहरा मधल्या टोनच्या पाचव्यात, कधी त्याच्याही खाली, म्हणजे दाणा जिथे सर्वांत ठळक तिथेच. गोऱ्या चेहऱ्यावर बेतलेला प्रीसेट इथे लावला की नवरीला पुरळ उठल्यासारखं दिसतं. लाइटरूममध्ये मी अमाउंट 20 च्या आसपास ठेवतो. साइझ 25 च्या वर नेली की चित्र मऊ पडायला लागतं.

पण आकड्यांच्या आधी उजेड. आमच्या जिल्ह्यातल्या नव्या फोटोग्राफरांनी एकदा तरी चाळीसगावला कैकी मूस यांचं घर बघावं. टेबलावर चार वस्तू मांडून फोटोत अख्खा निसर्ग उभा करणारा हा माणूस (1912–1989) स्टेशनजवळच्या ज्या बंगल्यात राहिला, त्याला त्याने 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' नाव दिलं होतं. आता तिथे त्याचं कलादालन आहे. रेम्ब्रांट म्हणजे आम्हा पोर्ट्रेटवाल्यांना सावलीतल्या गालावरचा उजेडाचा त्रिकोण. त्या त्रिकोणाच्या कडेला उजेड हळूहळू सावलीत उतरतो आणि दाण्याला तिथे काम मिळतं. समोरून फ्लॅश मारून सपाट केलेल्या चेहऱ्यावर तो नुसता मळ.

शेवटी माप. अल्बमचं 12×36 इंची पान 300 डीपीआयला 10,800 पिक्सेल रुंद असतं. एका पिक्सेलचा दाणा तिथे हातभर अंतरावरून दिसतही नाही, दोन-तीन पिक्सेलचा लागतो. तोच फोटो मोबाइलसाठी लहान केला की दाणे एकमेकांत मिसळून जातात, आणि उरलेले व्हॉट्सअ‍ॅप दाबून टाकतं. दाबताना दाणा टिकत नाही ही सिनेमावाल्यांचीही अडचण. 2018 साली आलेल्या एव्ही1 या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत त्यासाठी सोयच केली आहे: पाठवताना ग्रेन काढून घ्यायचा आणि पाहणाऱ्याच्या पडद्यावर तसाच नवा तयार करायचा. आपल्याला इतकं नको. अल्बमची आणि मोबाइलची फाइल वेगळी करावी, आधी आकार ठरवावा, शार्पनिंग उरकावं आणि ग्रेन सगळ्यात शेवटी घालावा.

स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून मात्र काहीच ठरवू नका. लॅबला अल्बम टाकण्याआधी एका चेहऱ्याचा तुकडा, अल्बममध्ये येणार त्याच मापात आणि त्याच कागदावर, 4×6 मध्ये छापून घ्या. खर्च चहाएवढा. तो तुकडा आधी घरातल्या आजोबांना दाखवा. त्यांनी रेतीचं नाव काढलं, तर अमाउंट आणखी खाली आणा.