स्टेथोस्कोपाविना आरोग्यसंशोधन

आपल्या वसतिगृहातला मुलगा आरोग्याच्या क्षेत्रात आहे असे कळले, की शुक्रवार पेठेतील वडीलधारी मंडळी हात पुढे करून रक्तदाब पाहायला सांगतात. मी समाजशास्त्राचा एम. ए.; डॉक्टर नव्हे. हे ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर निराशा उमटते. 'मग दवाखान्यात तुमचे काय काम?' या प्रश्नाचे उत्तर स्मरणिकेच्या निमित्ताने देतो.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या भगिनींचे सर्वेक्षण आम्ही करीत होतो. 'खोकला आहे का?' या छापील प्रश्नाला बहुतेकींचे उत्तर 'नाही' असे येई. दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईला खोकला हा आजार वाटतच नाही. मजुरी मात्र हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. म्हणून आम्ही विचारू लागलो, तेही तेलुगूतून : 'खोकल्यामुळे हजार पुऱ्या झाल्या नाहीत, असे या आठवड्यात किती वेळा घडले?' मग उत्तरे येऊ लागली. फुप्फुस तपासणे हे डॉक्टरांचे काम. परंतु ती बाई तपासणीपर्यंत का पोहोचत नाही, हे शोधायला समाजशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र जाणणारी माणसे लागतात.

महाराष्ट्राला हे नवे नाही. डॉ. नोशीर अंटिया स्वतः प्लास्टिक सर्जन. त्यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ'साठी रवी दुग्गल या समाजशास्त्रज्ञाने सुचेता अमीन यांच्यासह जळगाव जिल्ह्यात कुटुंबांचा औषधोपचारावरील खर्च मोजला. १९८९ साली त्याचा अहवाल निघाला. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'ने छापलेल्या या संशोधनामागे पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांचे काम होते.

प्रकल्प संपला की डॉक्टर आपल्या दवाखान्यात परततात. आमच्यासारख्यांनी कोठे परतावे? आदेश अकरा महिन्यांचा. पुढचा निधी आला तर पुढचा आदेश. आपल्याच शाळेच्या माझ्या एका सहकारी भगिनीने सात वर्षे घरोघरी फिरून माहिती जमवली, तिचे विश्लेषणही केले. शोधनिबंधात तिचे नाव आभारांच्या ओळीत आले, लेखकांत नाही. पुढे ती लिपिकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन निघून गेली. कोणत्या गल्लीत कोणत्या वेळी दार उघडते, हे तिला ठाऊक होते. नव्या माणसाला ते शिकायला दोन वर्षे लागतील, तोवर प्रकल्पच संपेल. इंग्लंडमध्ये प्राथमिक आरोग्यसेवेतील प्राध्यापक-संशोधकांच्या संस्थेत अशा बिगरवैद्यकीय संशोधकांचा स्वतंत्र गट आहे. नोकरीची शाश्वती, बढती, लेखनाचे श्रेय हे त्यांच्या चर्चेचे विषय असतात. आपल्याकडे ही चर्चा चहाच्या टपरीवरच होते.

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला मदत मिळते. ती मिळावीच. त्याच निधीतून दरवर्षी दोन मुलामुलींना संख्याशास्त्राच्या प्रशिक्षणाचे शुल्क आणि दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या महिन्यांसाठी निर्वाहभत्ता द्यावा, असा लेखी प्रस्ताव मी समितीकडे दिला आहे. वर्षावास संपल्यावरच्या बैठकीत तो चर्चेला येईल. पालकांनीही त्या बैठकीला यावे.