सूर्यास्तापूर्वीची मजुरी

दिवाळीच्या सुमारास रोहण्याकडे कापसाची वेचणी सुरू झाली, की आम्हांला अनुवादाचा २४वा अध्याय आठवतो. मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे, कारण तो गरीब असून त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो, अशी तेथे आज्ञा आहे. वेचणारीची मजुरी किलोवर ठरते. काटा मात्र मालकाच्या हाती! एखादा भाविक मालक मिस्सेत दानपेटीत नोट टाकतो आणि तिला सांगतो, ‘बाजाराच्या दिवशी ये.’ तिच्या चुलीने तोवर थांबावे कसे? अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, असे संत याकोब पाचव्या अध्यायात बजावतो. अनुवादाच्या त्याच अध्यायात शेतात विसरलेली पेंढी विधवेची म्हटली आहे. पऱ्हाटी उपटण्यापूर्वी राहिलेला कवडी कापूस वेचणारी बाई त्या आज्ञेतलीच.