चोचीच्या माशाचे अन्न

समुद्री मत्स्यालयात नव्याने आणलेला मासा अन्नाला तोंड लावत नाही, तेव्हा तो हट्टी किंवा चोखंदळ आहे असे सर्रास म्हटले जाते. मात्र माशाच्या बाजूने विचार केला, तर या वागण्यात हट्टाचा भाग अगदी अल्प असतो. प्रवाळखडकांत वाढलेला मासा वास, आकार, हालचाल आणि अन्न सापडण्याची जागा या खुणांवरून भक्ष्य ओळखतो, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या दाण्यात त्याच्या ओळखीचे फारसे काही नसल्याने तो दाणा त्याच्या लेखी अन्न ठरतच नाही. बेळगावच्या वडगाव भागातील प्रस्तुत लेखकाच्या घरी पाळलेल्या एका कॉपरबँड बटरफ्लायफिशच्या बाबतीत हे तत्त्व पदोपदी प्रत्ययास आले. समुद्री मासे पाळू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, या हेतूने त्या अनुभवाची मांडणी येथे केली आहे.

लिनियसने १७५८ मध्ये वर्णन केलेल्या या जातीचे शास्त्रीय नाव चेलमॉन रोस्ट्रेटस असे असून, अंदमानपासून जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत तिचा आढळ आहे. पूर्ण वाढ झालेला मासा साधारण वीतभर भरतो. रुपेरी अंगावर तांबूस-नारिंगी उभे पट्टे, पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात डोळ्याचा भास निर्माण करणारा काळा ठिपका आणि चोचीसारखे पुढे आलेले लांब तोंड ही त्याची लक्षणे होत. खडकांच्या फटींत दडलेले कृमी व बारीक कवचधारी जीव वेचून खाण्यासाठीच ही चोच घडलेली असल्याने हा मासा एकाच वेळी पोटभर खात नाही, तर दिवसभर थोडे थोडे टिपत राहतो. म्हणूनच वेळेवर दाणे टाकून निघून जाण्याची, गोड्या पाण्यातील माशांना पुरणारी पद्धत त्याला मुळीच मानवत नाही.

वडगावसारख्या ठिकाणी या अडचणीला परिसराचीही जोड मिळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात हिवाळ्यातील रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली जाते, तर प्रवाळातील माशाला २५ ते २६ अंशांचे स्थिर पाणी लागते आणि पाणी गार झाल्यास त्याची भूक मंदावते. त्यामुळे हीटर आणि वीज गेल्यास हवा पुरवणारा बॅटरीवरील पंप ही येथे चैन ठरत नाही. राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून येणाऱ्या नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणाचे क्लोरीन असते, म्हणून आरओ यंत्रातून काढलेल्या पाण्यात कृत्रिम समुद्री मीठ विरघळवून क्षारता हजार भागांत ३५ भागांच्या आसपास राखावी लागते. याखेरीज वडगाव ही विणकरांची वस्ती असून, घराघरांतील मागांची धडधड जमिनीतून टाकीच्या पायांपर्यंत पोहोचते. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातील सूक्ष्म कंपने टिपणारी संवेदी इंद्रियांची ओळ असते, जिला पार्श्वरेखा म्हणतात. शेजारचे माग सुरू असताना हा मासा दगडामागून हलत नसे आणि ते थांबल्यावर बाहेर येई, असे दिसून आल्याने टाकीखाली जाड थर्माकोल घालण्यात आला आणि पहिले घास माग बंद असण्याच्या वेळी देण्याचा क्रम ठरला.

भूक जागवण्याची पहिली पायरी म्हणजे जिवंत आर्टेमिया. अतिखारट सरोवरांत वाढणाऱ्या या बारीक कवचधारी जीवाची निद्रिस्त अंडी कोरडी मिळतात आणि खाऱ्या पाण्यात सुमारे २८ अंशांवर, हवेचे बुडबुडे व उजेड दिल्यास साधारण एका दिवसात फुटतात. बाहेर पडणारी पिले अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असली, तरी त्यांची झटक्याझटक्याची हालचाल माशाचे लक्ष वेधते: तो जागच्या जागी थबकतो, अंग किंचित कलते करून एका डोळ्याने नेमके पाहतो आणि मग चोच पुढे करून एकेक पिलू टिपतो. एवढ्याने पोट भरत नाही, शिवाय पिलांतील पिवळ्या बलकाचा साठा काही तासांत संपून त्यांचे पोषणमूल्यही घटते. तरीही या टाकीत खाण्यासारखे काही आहे, ही खूणगाठ माशाच्या मनात याच टप्प्यावर बांधली जाते.

दुसरी आणि निर्णायक पायरी बेळगावच्या मासळी बाजाराने पुरवली. गोवा आणि कारवारकडून घाट चढून येणाऱ्या मासळीत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, असतात. त्यांतील घट्ट मिटलेली, म्हणजेच जिवंत, तिसरी निवडून ती स्वच्छ धुवायची, सुरीचे टोक बिजागरीजवळ घालून उघडायची आणि मांस चिकटलेली एक शिंपी खडकाच्या फटीत खोचायची, अशी ही रीत आहे. माशाने सुरुवातीला शिंपीभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या, जवळ येऊन तो पुन्हा मागे सरला, आणि अखेर मांसाच्या पातळ कडेला चोच लावून त्याने एक हिसका दिला. शिंपीला धरून असलेला स्नायू सहजासहजी सुटत नाही आणि फटीतला कृमी उपसून काढताना जो ताण जाणवावा तोच ताण येथेही मिळतो, त्यामुळे या अन्नात वासाबरोबर जागा आणि खाण्याची रीत या दोन्ही खुणा माशाला ओळखीच्या वाटतात. त्या हिसक्यानंतर शिंपी पांढरीस्वच्छ होईपर्यंत तो तेथून हलला नाही.

त्यानंतरचे काम सावकाशीचे असते. तिसरीचे मांस बारीक चिरून त्यात गोठवलेल्या मायसिसचे, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या लहान समुद्री जीवांचे, प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचे आणि ते मिश्रण लांब ड्रॉपरने त्याच फटीजवळ सोडायचे, म्हणजे पदार्थ बदलला तरी जागा तीच राहते. केवळ तिसऱ्यांवर मासा ठेवणे योग्य नव्हे, कारण काही शिंपल्यांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते. आहारात वैविध्य हाच त्यावरील उपाय आहे. उरलेले मांसही वेळीच काढून घ्यावे लागते, कारण ते कुजून अमोनिया तयार होतो आणि समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असल्याने तेथे त्याचे विषारी रूप गोड्या पाण्यापेक्षा अधिक प्रमाणात आढळते. मासा खातो आहे एवढ्यावर समाधान मानणेही पुरेसे नाही. समोरून पाहिल्यास पोट आत गेलेले दिसते का आणि पाठीचा मांसल भाग धारदार झाला आहे का, यावरूनच खाल्लेले अंगी लागते की नाही हे ठरते.

अशी मेहनत प्रत्येकाला शक्य नसते, आणि ती शक्य नसेल तर वेगळी निवड करणे हेच माशाच्या हिताचे असते. समुद्रघोडा हादेखील जिवंत अन्नावर अडून बसणारा जीव असला, तरी २००१ पासून त्याला भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने तो घरी पाळण्याचा विचारही करू नये. याउलट क्लाउनफिशच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम येथील केंद्रात विकसित झाले आहे. अशा पैदाशीत पिलांना आधी रोटिफर हे सूक्ष्म जीव, मग आर्टेमिया आणि त्यानंतर कोरडे खाद्य या क्रमाने वाढवले जात असल्याने ती घरच्या टाकीत सहज खाऊ लागतात. नवशिक्याने सुरुवात अशाच माशापासून करावी. कॉपरबँडच घ्यायचा असेल, तर दुकानदाराला तो आपल्यासमोर खाऊ घालायला सांगावे, आणि त्याने खाल्ले नाही तर तो कितीही देखणा असला तरी रिकाम्या हाताने परतावे.