डोळा नसलेलं पान

संपादकांनी घरातल्या झाडांवर लिहायला सांगितलं, तेव्हा मोगऱ्यावर लिहायचं ठरवलं होतं. पण उन्हाळ्यात पाहिलेली एक कुंडी मनातून जात नाही.

भंडाऱ्यात आमच्याच गल्लीत एक काकू राहतात. त्यांच्या मुलाने पुण्याहून एक लहानशी कुंडी आणली होती. मातीत उभं खोचलेलं एकच पान, जाड, बदामाच्या आकाराचं. काकूंनी ते चार वर्षं जपलं. "सर, याला वेल कधी फुटेल?" मी कुंडी उपडी केली. मुळांचा गच्च गोळा होता, खोडाचा कपटाही नव्हता. म्हणालो, "कधीच नाही." काकू म्हणाल्या, "मग इतकी वर्षं जगलं कसं?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मी घाईत दिलं, ते इथे नीट देतो.

हे पान होया केरी या वेलीचं. रॉबर्ट ब्राऊनने १८१० मध्ये थॉमस हॉय या इंग्रज माळ्याच्या नावावरून 'होया' हे नाव दिलं. 'केरी' आलं ते थायलंडात वनस्पती गोळा करणाऱ्या आर्थर केर या आयरिश डॉक्टरवरून. खुडलेल्या देठाच्या जखमेतून मुळं फुटतात, हिरवं पान आपलं अन्न आपण करतं, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. नवा फुटवा मात्र डोळ्यातून येतो, आणि डोळा असतो खोडाच्या पेरावर, पानाच्या बगलेत. पान खुडलं की डोळा वेलीवरच राहतो. उसाचं बेणं लावणारा शेतकरी डोळा पाहिल्याशिवाय कांडी जमिनीत घालत नाही. बारई पानवेल पेरासकटच लावतो. पानफुटीमुळे घोटाळा वाढतो, कारण तिच्या पानाच्या कडेलाच फुटवे येतात आणि सगळ्याच पानांना ते येतील असं लोक धरून चालतात. विकणाऱ्याने ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायलाच हवी. फेब्रुवारीत प्रेमाची खूण म्हणून अशी पानं खपतात आणि घेणारा वेलीची वाट पाहत बसतो, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरा गैरसमज बांडगुळाचा. होया रानात झाडावर चढते, म्हणून ती झाडाचा रस पिते असं सर्रास सांगतात. तसं नाही. आपल्या रानातल्या मोहावर रास्ना वाढते, तशीच ही फक्त आधार घेते. म्हणूनच काळ्या मातीत ती गुदमरते. मी विटांचे तुकडे, नारळाची सोडणं, कोळसा आणि अर्धवट जाळलेला धानाचा तूस मिसळतो. तूस आपल्याकडे राईस मिलपाशी ढिगाने मिळतो.

फुलं पाहायची तर आधी रस्त्याकडेची रुई पाहा. होया तिच्याच कुळातली. दोघींच्या फुलात मधोमध पाच टोकांचा मुकुट, आणि पराग सुटे नसून जोडपिशव्यांत बांधलेले. कीटकाचा पाय फटीत अडकतो आणि ओढून काढताना पिशव्या त्याच्याबरोबर जातात. हे मी चाळीस वर्षं भिंगातून पाहतोय, अजून पोट भरलेलं नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. वेल पूर्वेच्या खिडकीत असावी, कूलरच्या झोतात नको. जाड पानांची होया दिवसा रंध्रं मिटून घेते आणि रात्री हवा घेते, म्हणून पाणी जपून वापरते. रोज पाणी घालून मारलेल्या वेली मी वाळलेल्यांपेक्षा जास्त पाहिल्यात. पान किंचित सुरकुतलं की द्यावं, पावसाळ्यात त्याहून कमी. आणि फुलं गळल्यावर उरलेला दांडा कापू नका. पुढच्या वर्षी फुलं त्याच दांड्यावर येतात.

जूनमध्ये मी काकूंना माझ्या वेलीची दोन पेरांची कांडी नेऊन दिली. त्यांनी ती जुन्या पानाशेजारीच लावली. पान टाकलं नाही, मीही टाका म्हणालो नाही. ते जगेल तितकं जगू दे.

परवा त्यांचा फोन आला. कांडीला हातभर लांब शेंडा आलाय, पण त्यावर एकही पान नाही, वाळका समजून कापू का? मी ओरडलोच, "काकू, कात्री ठेवा खाली!" होया आधी असा उघडा शेंडा सोडते, आधार चाचपते, पानं मागून येतात. त्या म्हणाल्या, "बरं, मग शेजारी काडी रोवते."