ती. अण्णांस

दिसायला ते कार्ड अगदी साधं. वीतभर लांब, त्याहून थोडं कमी रुंद, मधोमध एक घडी. रंग सायीचा, कडा भाकरीच्या कडेसारख्या खडबडीत. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतला. १९४० साली सुरू झालेल्या या संस्थेत सुती कापडाच्या चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात. त्यामुळे हे कार्ड मूळचं सुती कापडाच्या घराण्यातलं, आणि हाताला अजूनही तसंच लागतं: धुवट, मऊ, पण अंगात बळ असलेलं. इतकी वर्षं उघडमीट होऊनही त्याची पाठ मोडलेली नाही.

त्याचा जन्म आमच्या जेवणाच्या टेबलावरचा. २१ जून २०१५, जूनचा तिसरा रविवार. मुलगी तिसरीत होती. पितृदिन असतो एवढंच तिला शाळेत कळलं होतं. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात सोनोरा स्मार्ट डॉड यांनी तो पहिल्यांदा साजरा करवला, १९ जून १९१० रोजी. आईमागे सहा मुलांना वाढवणारे त्यांचे वडील त्यामागे होते. ही हकिगत मी तिला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "मग मला तीन कार्डं करायची आहेत. आपल्या घरात तीन बाप आहेत." तिचे बाबा, गावाकडचे मोठे काका आणि आजोबा, म्हणजे आमचे अण्णा.

दुकानातल्या कार्डाला यातलं कोणीच माहीत नसतं. मराठी घरात बापाला कोणी बाबा म्हणतं, कोणी अण्णा, तात्या, भाऊ, दादा. एकाला अरेतुरे चालतं, दुसऱ्याला अहोजाहोच लागतं. छापील कार्ड सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतं. हातचं कार्ड कोणाच्या हातात पडायचं आहे हे ठाऊक असूनच जन्माला येतं.

बाबाचं कार्ड पहिल्यांदा फसलं. जाड कार्डशीट तिने तशीच दुमडली आणि घडीवर रंग तडकला. यंत्रावरच्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने निजलेले असतात, त्यांना आडवी घडी घातली की कागद रुसतो. मग आम्ही दुसरी शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिली, जिकडे सहज वाकली तिकडून घडी धरली, आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने पट्टीला लावून आधी रेघ ओढून घेतली. घडी सुरेख बसली. काकांच्या कार्डावर तिने बाजरीचे बारा दाणे ओळीने चिकटवले. मृग लागलेला, काका पेरणीच्या घाईत. पाच रुपयांचं तिकीट लावून ते पाकीट टपालात पडलं. चार दिवसांनी साताऱ्याकडून फोन आला: "पोचलं गं बाई कार्ड. एक दाणा वाटेत सांडलाय. अकरा मोजले."

अण्णांच्या कार्डाला सगळी दुपार लागली. अण्णा तिला रोज रिक्षापर्यंत सोडायला जात. त्यांच्या जुन्या छत्रीचं फाटलं कापड तिने मागून घेतलं, त्याचा अर्धगोल कापला आणि पांढऱ्या गोंदाने चिकटवला. वाळल्यावर ते कापड ताठ झालं, खऱ्या छत्रीसारखं. खाली दोन माणसं काढली, एक उंच, एक ठेंगणं. दोघांचे कपडे फिक्या निळ्या रंगाचे. पण उंच माणसाचा डावा खांदा तिने पुन्हा पुन्हा गिरवून गडद केला. मी म्हटलं, "अगं, रंग बाहेर गेला का?"

"नाही. अण्णांचा हा खांदा भिजतो. छत्री माझ्याकडे असते ना."

दोन वर्षं मी त्या दोघांना दारातून जाताना पाहत होते. मला तो खांदा दिसला नव्हता.

आत काय लिहायचं, हे तिने अण्णांनाच आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं, कार्डाचा पत्ता लागू न देता. अण्णा पत्रव्यवहारातले जुने जाणते. त्यांनी नीट समजावलं होतं: आईवडिलांना लिहायचं 'ती.', म्हणजे तीर्थरूप. त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना 'ती. स्व.', म्हणजे तीर्थस्वरूप. तिने बाबांना 'ती.' लिहिलं, काकांना 'ती. स्व.' लिहिलं. अण्णांच्या कार्डाशी मात्र पेन्सिल थांबली. थोडा विचार करून तिने लिहिलं, "ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि. उद्यापासून छत्री मधे धरायची."

अण्णा ऱ्हस्वदीर्घाला माफ न करणारे. वर्तमानपत्रातल्या चुकांनाही ते लाल पेनाने गोल करत. संध्याकाळी कार्ड हातात आलं, त्यांनी ते दोनदा वाचलं. 'ती.'पुढे 'स्व.' त्यांनी घातलं नाही. कार्ड उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला, आलेल्या प्रत्येक पत्रावर लिहीत तसं, बारीक अक्षरात लिहिलं: "पोचले. २१.६.१५."

त्यांच्या खोलीत खिडकीजवळ एक वाकवलेली तार आहे. आलेलं पत्र वाचून, उत्तर देऊन झालं की ते त्या तारेत ओवलं जातं. चाळीस वर्षांची पत्रं तिथे एकावर एक टांगलेली आहेत, प्रत्येकाच्या मधोमध भोक. हे कार्ड तारेत गेलं नाही. ते पंचांगात असतं. दर पाडव्याला नवं पंचांग घरात आलं की अण्णा जुन्यातून कार्ड काढतात, छत्रीच्या कापडाची सुटू लागलेली कड अंगठ्याने दाबून बसवतात, आणि नव्या पंचांगात ज्येष्ठाच्या पानाशी ठेवतात.