आईच्या हातावरचा वण

हे लिहायचं बरेच दिवस टाळत होते. आमच्या घरातले काही जण इथे येऊन वाचतात, त्यांना कदाचित आवडणार नाही. पण दिवाळीत गावी जाऊन आल्यापासून डोक्यातून जात नाहीये, तेव्हा लिहूनच टाकते.

बाबा गेले १९९९ साली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. अंगणात माणसं तिरडी बांधत होती आणि सोप्यात बायका आईभोवती गोळा झाल्या होत्या. कुंकू पुसलं गेलं, मंगळसूत्र तुटलं, पायातली जोडवी निघाली. बांगड्यांची वेळ आली तेव्हा आईने हात पोटाशी घट्ट धरला. आत्या मला म्हणाली, "धर गं तिचा हात." मी धरला.

एक काच मनगटात घुसली. रक्त आलं तशी आत्यानेच आत धावत जाऊन डब्यातली चिमूटभर हळद आणून दाबली. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "अगं, तिला हळद कशी लावतेस?" आणि आत्याने पदराने ती पुसून टाकली. जखम तशीच राहिली. आईच्या डाव्या मनगटावर अजून वण आहे.

आत्या दुष्ट नव्हती हो. पुढचे तीन महिने आमच्याकडे राहून तिने आईला घास भरवलेत. म्हणूनच तर हे सगळं अवघड आहे. कायद्याने पकडावं असा गुन्हेगार कुणीच नसतो इथे, असते ती आपलीच आत्या. आणि हात धरायला आपलीच मुलगी.

मे २०२२ मध्ये एके दिवशी सकाळी आईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "हेरवाडची बातमी वाचलीस का?" शिरोळ तालुक्यातलं हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या ग्रामसभेने ४ मे रोजी ठराव केला होता की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, बांगड्या फोडणं गावात बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस. त्यामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांचीही खटपट होती. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी त्याच्या बायकोचे हाल त्यांनी पाहिले होते. मग आपल्यामागे आपल्या बायकोवर हे करू नये, असं त्यांनी चक्क स्टँप पेपरवर लिहून ठेवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

(आमच्या दादाने हे वाचून लगेच तसा कागद करायला घेतला. वहिनीने तो हातातून हिसकावला. "सकाळी सकाळी काय अभद्र लिहिताय!" असो.)

मला त्या बातमीवरून एक जुनी गोष्ट आठवली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांची सभा भरवली होती आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं तिथे नाभिकांनीच ठरवलं होतं. पोथ्या घेऊन वाद घालणारे तेव्हा पुष्कळ होते. लोखंड्यांनी ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यालाच गाठलं. बांगड्यांच्या बाबतीत मात्र तो वस्तरा घराघरातल्या बायकांच्या हातात आहे.

आमच्या गावातही त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. हात वर करायला काय जातं? दंड नाही, शिक्षा नाही. कागद पंचायतीच्या फळ्यावर लागला आणि पावसाने भिजला. खरं काम केलं ते बचत गटातल्या चार-पाच जणींनी. त्या घरोघरी गेल्या आणि म्हाताऱ्या बायकांशेजारी बसून एवढंच विचारलं, "तुमच्या वेळी काय झालं होतं?" आई सांगते, पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या खेपेला एकीने सुरुवात केली आणि मग थांबता थांबेनात. पन्नास-पन्नास वर्षं कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

२०२३ मध्ये माझा चुलतभाऊ गेला. अडतीस वर्षांचा होता, अटॅक आला. मी पोचले तेव्हा सोप्यात तशीच गर्दी, आणि आत्या उठत होती. ऐंशी पार केलेली, स्वतःही दहा वर्षांपूर्वी विधवा झालेली.

आई मध्ये जाऊन बसली.

"वन्सं, ऱ्हाऊ द्या."

"अगं, रीत हाय. न्हाई फोडल्या तर लोक म्हणतील हिला दुःखच झालं न्हाई."

"कोण लोक? सगळी इथंच बसल्यात. इचारा की त्यांना."

आत्याने खरंच सगळीकडे पाहिलं. एकही बाई हो म्हणाली नाही. नाहीसुद्धा म्हणाली नाही, पण बचत गटातल्या दोघी येऊन आईच्या शेजारी बसल्या. आईने डावा हात पुढे केला. आत्या त्या वणाकडे बघत राहिली आणि खाली बसली. मग जे रडली!

इथेच थांबले तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. त्या रात्री धाकट्या वहिनीने आपण होऊन टिकली काढून ठेवली. तेराव्याला तिच्या माहेरच्यांनीच विचारलं की हातात बांगड्या कशा अजून? ती आता अंगणवाडीत कामाला जाते. कामावर टिकली लावते आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी काढते. तिला कुणी काही म्हटलेलं नाही. कुणी म्हणेल की काय, एवढंच.

आत्या गेल्या वर्षी गेली. मी आईजवळ बाबांच्या वेळचा विषय काढला तो त्यानंतरच. म्हटलं, हात मी धरला होता. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ठावं हाय की. तुझाच हात ऊन होता तेवढा." आणि ती निवडत राहिली. मला पुढे काही बोलता आलं नाही.

या दिवाळीत आम्ही दोघी आणि धाकटी वहिनी बाजारात गेलो. कासाराकडे वहिनीने हिरव्या बांगड्या घेतल्या, अर्धा डझन. कासाराने आईकडे बघून विचारलं, "आज्जी, तुमचं माप?"

आईने जरा वेळ विचार केला. "अडीच व्हतं," म्हणाली. मग हात त्याच्यापुढे धरला. "आता बघा बाई तुम्हीच."

सव्वादोनच्या बसल्या.